रेहानाबाई कुणाचं सांगत नसत

अंबडच्या बाजारात रेहानाबाई माझ्या समोरून गेल्या आणि त्यांनी मला ओळख दाखवली नाही. आदल्याच दिवशी त्या माझ्या ओसरीवर बसून चहा पिऊन गेल्या होत्या. माझ्याबरोबर शहागडचे दोघे होते. मी रामराम घालायला हात उचलला आणि त्यांनी मान वळवून मिरच्यांच्या ढिगाकडं बघायला सुरुवात केली. चुकून झालं असेल असं कुणी म्हणेल. चुकून नव्हतं, आमची नजरानजर झाली होती. माझा तेव्हा शहागडला मोठ्या रस्त्याला लागून हॉटेलचा धंदा. जालन्याच्या, बीडच्या एसट्या, उसाच्या गाड्या, सगळं माझ्या दारात थांबायचं. साहेब लोकांचे ड्रायव्हर मला लांबून हात करायचे. आणि ही बाई माझ्या घरचं पाणी पिऊन मला बाजारात ओळखत नाही म्हणजे काय! मी अर्ध्या बाजारातून घरी आलो.

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा मी ओसरीवरच बसून होतो.

"बाई, आपलं काही भांडण झालंय का?"

"न्हाई, बाबा."

"मंग अंबडात तोंड कामून फिरवलं?"

त्यांनी चपला काढल्या, ओढणी सारखी केली आणि उलट मलाच विचारलं, "तुमच्यासंगं कोण होते?"

"आपल्या गावचेच होते दोघं."

"मी सलाम केला असता तर त्यांनी तुम्हाला काय विचारलं असतं?"

"काय विचारणार? ही बाई कोण म्हणले असते."

"मंग तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्याच म्हणाल्या, "तुम्ही आधी बोला, मी बोलीन. चार माणसांत हाक मारा, थांबीन. पण मी आपणहून बोलणार न्हाई. रागवायचं तर रागवा."

"रागावलोच हाये मी."

"बरं," असं म्हणून त्यांनी सोपानला हाक मारली.

सोपान माझा नातू, लेकाचा धाकटा मुलगा. तेव्हा आठेक वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. हाक मारली तर बघायचा नाही. तहान लागली, कपडा टोचला, कुणी मोठ्यानं हसलं, काहीही झालं की भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. काय हवंय ते कळायला आम्ही एकेक वस्तू त्याच्यापुढं धरायचो. सूनबाई शोभा त्याला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेली, तिथून तिला अशा लेकरांच्या एका केंद्राचा पत्ता मिळाला. केंद्रातल्या मोठ्या मॅडमनी पोराला तपासलं, काय शिकवायचं ते ठरवलं, आणि घरी येऊन शिकवायला रेहानाबाईंना पाठवलं. जालना जिल्हा होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण असलं काम करणारं माणूस आमच्या रस्त्यावर पहिल्यांदाच उतरलं.

बाई तिशीच्या असतील. अंगानं वाळकी, हातात बारा महिने छत्री. सोपानला त्यांनी आधी काय शिकवलं, तर पाणी मागायला. पुठ्ठ्यावर पेल्याचं चित्र चिकटवलेलं. ते त्याच्या हातात द्यायचं, त्यानं ते त्यांच्या हातात ठेवलं की लगेच पाणी. तेच परत. तेच परत. मला बघून कंटाळा यायचा. मी म्हणायचो, "बाई, हे काय शिकवणं झालं का?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला कंटाळा आला तर हॉटेलात जा ना, बाबा." मग एका दुपारी मी घरी पडलो होतो, आणि सोपाननं येऊन तो पुठ्ठा माझ्या छातीवर ठेवला. भिंतीकडं गेला नाही, माझ्याकडं आला. मी उठलो, पाणी दिलं. तो प्याला आणि निघून गेला. मी तसाच रिकामा पेला धरून बसलो होतो, तर शोभा म्हणाली, "आबा, काय झालं?" मी म्हणालो, काही नाही.

तेव्हा मी बाईंना विचारलं, "हा बोलंल का हो पुढं?"

"ते मोठ्या मॅडमला विचारा."

"अहो, पण रोजचं तुम्ही बघता. त्या तिकडं खुर्चीवर बसून असतात."

"मी शिकवणारी हाये. भविष्य सांगणारी न्हाई. मी तुम्हाला उगं आशा लावली अन् तसं न्हाई झालं, मंग?"

कधीच सांगितलं नाही त्यांनी. बरं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत.

पुढच्या बसची वाट त्या माझ्या हॉटेलात बघायच्या. चहा घ्यायच्या आणि पैसे ठेवून जायच्या, मी घेत नसलो तरी बरणीखाली सरकवायच्या. बोलायला घुम्या नव्हत्या बरं का. कांद्याचा भाव, आईचे गुडघे, एसटीचे खड्डे, कशावरही बोलायच्या. पण हॉटेल म्हटलं की माणसं विचारणारच.

"बाई, कुठं येऊन राह्यल्या तुम्ही दर आठवड्याला?"

"कामाला."

"कुणाकडं?"

"ज्याचं त्याला विचारा."

"अहो, पण ज्याचं म्हणजे कुणाचं, ते तरी सांगा!"

"ते सांगितलं तर मंग राह्यलं काय?"

सगळे हसायचे, त्यापण हसायच्या, आणि गोष्ट तिथंच थांबायची. मीसुद्धा एकदा हॉटेल रिकामं असताना हात मारून बघितला. आमच्या घरून निघाल्यावर त्या आणखी दोन गावं करतात, हे मला कंडक्टरकडून कळलं होतं. म्हटलं, "बाई, पुढं कुणाचं आपल्या सोपानसारखं लेकरू हाये का?"

"असलं तर?"

"न्हाई, आपलं सहज."

"सहज विचारणाऱ्यालाच तर सांगायचं न्हाई, बाबा."

मला तेव्हा राग आला. माझ्या बाकावर बसून लोक उभ्या तालुक्याचं सांगायचे आणि ह्या बाईच्या तोंडून एक गाव निघत नव्हतं.

घ्यायच्याही काही नाहीत. दिवाळीला शोभानं खण-नारळ पुढं केला तर हात जोडले. म्हणाल्या, "चहा-पाणी घेते, ते आल्या-गेल्याला असतंच. हे न्हाई." शोभाचं तोंड उतरलं. मी माझ्या परीनं उपाय काढला. शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा निघाल्या होत्या. एक गाठोडं बांधलं आणि जालन्याच्या बसच्या कंडक्टरकडं दिलं, की छत्रीवाल्या बाईंना स्टँडवर द्या. संध्याकाळच्या बसनं गाठोडं परत आलं. कंडक्टर हसत म्हणाला, "घेत न्हाईत बाप्पा त्या." पुढच्या वेळी मी काही बोलायच्या आत त्याच बोलल्या, "बाबा, शेंगांचं जाऊ द्या. पण आता त्या कंडक्टरला कळालं की तुमचं अन् माझं काहीतरी हाये. त्याच्या बसमध्ये दिवसाची किती माणसं चढतात?" हे मला सुचलं नव्हतं. पण मी ते त्यांना दाखवलं नाही.

आता हे सगळं इतकं जपायचं कारण काय, तर मंगल. सोपानची मोठी बहीण, लग्नाची झाली होती. घरात असं लेकरू आहे म्हटलं की पाहुणे पायरीवरून मागं फिरतात, हे मी हॉटेलात बसून दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं. आमचं घर हॉटेलाच्या मागं, शेतात, गावापासून सुटं. सोपान मामाच्या गावी शाळेला आहे, असं मी गावात सांगून ठेवलं होतं. आणि बाई कशाला येतात? तर मंगलला शिलाई शिकवायला. ही माझीच अक्कल.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही लोकांना काय सांगायचं ते तुमचं. मला विचारलं तर मी शिलाई म्हणणार न्हाई."

"मंग काय म्हणणार?"

"काहीच न्हाई."

पण लोक गप्प बसतात थोडेच! आमच्या शेजारच्या शेतातली गयाबाई ब्लाउजाचं कापड आणि मापाचं जुनं ब्लाउज घेऊन थेट हॉटेलात आली. बाई बसची वाट बघत होत्या. गयाबाईनं कापड त्यांच्या मांडीवर टाकलं. "बाई, गळा जरा मोठा ठेवा. अन् पाठीमागून बटणं नको, मला हात पुरत न्हाई."

बाईंनी कापड घडी करून परत दिलं. "मला शिवता येत न्हाई हो."

"असं कसं? मंगलला तर शिकविता!"

"मला फार तर बटण लावता येतं, मावशी."

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी कढईकडं बघितलं. तिनं कापड काखेत मारलं आणि जाता जाता म्हणाली, "शिवता न येणारी शिलाईवाली आजच बघितली बाई मी." चार दिवसांत ही गंमत कुठं कुठं गेली असेल ते सांगायला नको.

मंगलचं तेव्हा जवळपास ठरलं होतं. मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला, मुलाचे वडील रावसाहेब, तेही तिथंच. बघणं झालं होतं, मंगलला मुलगा पसंत होता, फक्त तारीख काढायची राहिली होती. आणि एका दुपारी रावसाहेब न कळवता जीपमधून उतरले. हॉटेलात आले, बसले. मी पाणी दिलं, चहा टाकला. समोरच्या बाकावर बाई होत्या. छत्री बघून रावसाहेबांनी ओळखलंच असावं.

"बाई, तुम्ही ह्यांच्या घरी येता म्हणं."

बाई उठल्या. "बस आली का बघते."

"बस येईल, बसा. तुम्ही जालन्याच्या त्या मतिमंद लेकरांच्या केंद्रातल्या ना? आमच्या कारखान्यावरच्या एकानं तुम्हाला तिथं बघितलंय."

"हो. तिथं नोकरी करते मी. त्यात काय लपवायचं?"

"मंग ह्यांच्या घरात तसं लेकरू हाये?"

हॉटेलात पाच-सात गिऱ्हाईकं होती. सगळ्यांचे कान इकडंच. मी रावसाहेबांच्या पाठीमागं उभा होतो. मी बाईंकडं बघून मान हलवली. नुसतं 'न्हाई' म्हणा. एक शब्द. मंगलचा संसार त्या एका शब्दावर उभा होता आणि तो त्यांच्या तोंडात होता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग रावसाहेबांना म्हणाल्या, "मी कुठल्या घराचं कुठं सांगत न्हाई. उद्या तुमच्या घरी आले तर ह्यांना सांगणार न्हाई. ज्याचं त्याला विचारा. ते उभेच हायेत इथं."

रावसाहेब वळले. सगळं हॉटेल माझ्याकडं वळलं. माझ्या घरातल्या गोष्टीबद्दल कुणी मला तोंडावर विचारावं आणि मी एका बाईच्या आडून माना हलवाव्यात, हे मला त्या घडीला सोसलं नाही. मी खांद्यावरचं फडकं काढून ठेवलं.

"हाये," मी म्हणालो. "माझा नातू हाये, सोपान. मामाच्या गावाला न्हाई, इथं मागं घरातच हाये. बोलत न्हाई. चला, बघायचाय का?"

"आधी सांगायचं होतं, आबा."

"आधी सांगितलं असतं तर आला असता का?"

रावसाहेब चहा न पिता उठले. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

ते गेल्यावर मी बाईंवर तुटून पडलो. लोकांसमोरच. "शिलाई म्हणला असता तर जीभ झडली असती का तुमची?"

"अन् लग्नानंतर कळालं असतं तर?"

"ते आम्ही बघितलं असतं!"

"तुम्ही इथं बसून बघितलं असतं, बाबा. ती तिथं एकटी राह्यली असती." बस आली होती. त्या छत्री घेऊन चढल्या.

मी घरी जाऊन सांगितलं, आजपासून ह्या बाईचं पाऊल आपल्या घरात नको. शोभानं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, "आबा, बाई येणार." एवढंच बोलली आणि पिठाचा डबा आत घेऊन गेली. मंगल मात्र आठ-पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "पुढच्याला आधीच सांगा, आबा. कुणाच्या दारात जन्मभर भीत बसायचं न्हाई मला."

पुढच्या आठवड्यात बाई आल्या, नेहमीसारख्या. झालेल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. आता सगळ्या रस्त्याला माहीत होतं. हॉटेलात लोक उघड विचारायचे, "बाई, सोपान काय शिकला आता?"

"कोण सोपान?"

बाकं हसायची. मी चिडायचो, "अहो, मीच सांगितलंय आता सगळ्यांना! अजून कशाला झाकता?"

"तुम्ही सांगितलंय. मी न्हाई."

मला अजूनही वाटतं की त्या दिवशी त्या शिलाई म्हणाल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. मंगल कारखान्यावर राहिली असती, हाकेच्या अंतरावर. मी हे त्यांनाही शेवटपर्यंत म्हणत आलो. त्या म्हणायच्या, "म्हणा."

त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना मी चहाच्या आधी सांगायला लागलो. पहिले चहा पिऊन गेले, दुसरे न पिता. मग जाफराबादकडचं एक स्थळ आलं. कापसाची शेती, मुलाला वडील नव्हते, आई अनुसयाबाई स्वतः आल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सोपानला बघू द्या म्हटलं, बघितलं. मग म्हणाल्या, "मारतो का? उद्या माझ्या घरी लेकरं होतील. हा बहिणीकडं येईल, राहील. म्हणून विचारते."

मी म्हणालो, "आम्ही घरचे, आम्ही चांगलंच सांगणार. शिकवणाऱ्या बाई हायेत, त्यांना विचारा."

बाईंच्या येण्याच्या दिवशी अनुसयाबाई पुन्हा आल्या, एवढ्या लांबून. आता सांगायला मीच बोलावलं, सगळं उघडं झालेलं, तरी बाई आधी शोभाकडं वळल्या. "सांगू का? काय काय सांगू?"

"सांगा, बाई," शोभा म्हणाली.

"त्यांनी मारतो का, एवढंच विचारलंय. तेवढंच सांगते." मग अनुसयाबाईंना म्हणाल्या, "दुसऱ्याला मारताना मी कधी बघितलं न्हाई. आधी स्वतःला मारून घ्यायचा, आता ते कमी झालंय. लई गलका झाला की कान दाबतो अन् उठून जातो. अडवायचं न्हाई, जाऊ द्यायचं."

मला राहवेना. "अहो, जेवल्यावर स्वतःचं ताट धुऊन ठेवतो ते सांगा की! बहीण दिसली न्हाई तर दारात जाऊन बसतो, ते सांगा!"

"ते तुम्ही सांगा, बाबा. तुम्हाला कुणी अडवलंय?"

मग मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. अनुसयाबाईंनी शेवटी हात केला, "बस झालं, पाव्हणं, पोरगी द्या." लग्नात सोपान मंडपात थोडा वेळ बसला, बँड सुरू झाला तेव्हा कान दाबून उठला आणि उसात जाऊन बसला. मंगलच्या सासूनंच सगळ्यांना सांगितलं, जाऊ द्या त्याला. पत्रिका देऊनही बाई लग्नाला आल्या नाहीत. पुढं केंद्रानं त्यांना दुसरा रस्ता दिला. सोपान तोवर मोठा झाला होता, त्याचं तो बघत होता. कुठला रस्ता दिला, असं मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

त्या वारल्याची बातमी हॉटेलातच आली. कंडक्टर म्हणाला, छत्रीवाली बाई गेली, कावीळ झाल्ती. मी जालन्याला निघालो तर लेक म्हणाला, "आबा, त्यांच्या घरचे आपल्याला ओळखत बी न्हाईत. कोण म्हणून जाणार?" मी गेलो.

जुन्या जालन्यातल्या गल्लीत घर विचारत विचारत पोचलो. दारात त्यांचा भाऊ होता. आत खाटेवर म्हातारी आई. मी शहागडचा म्हणून सांगितलं. दोघांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"रेहाना कू कैसे पहचानते, बाबा?" म्हातारीनं विचारलं.

भाऊ म्हणाला, "घर में कभी किसी का नाम नै ली उसने. अम्मी पूछती, आज किधर गई थी? तो बोलती, काम पे. बस."

म्हणजे इतकी वर्षं ही पोरगी उन्हातान्हात एसट्या बदलत कुणाच्या घरी जाऊन काय करत होती, हे तिच्या आईला माहीत नव्हतं. आणि त्या घरात ते सांगू शकणारा मी एकटाच होतो.

मी खाटेजवळ खाली बसलो. माझी हिंदी म्हणजे ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेली, पण तशी चालवली. माझा एक नातू आहे, बोलत नाही, इथपासून सुरू केलं. तो भिंतीवर डोकं कसा आपटायचा ते सांगितलं. तुमच्या लेकीनं पेल्याचं चित्र त्याच्या हातात कसं दिलं, किती वेळा दिलं, मला कंटाळा यायचा तरी तिला कसा आला नाही, ते सांगितलं. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी दम खायला थांबलो तर तिनं माझ्या बाहीला हात लावला.

"और बोलो, बाबा."

मी बोलत राहिलो.